‘दोनय लिवा, सर’

दिगू, कौल डावा पडला होता. मी तुला उजवा सांगितला.

एवढं एक वाक्य तुझ्यासमोर बोलायला मला आठ वर्षं मिळाली. आठ वर्षांत आपण कितीदा भेटलो. देवबागला तुझ्या बोटीवर, शाळेच्या मैदानावर, कणकवली स्टेशनच्या फलाटावर. दर वेळी तू ‘सर’ म्हणून पाया पडायला वाकलास आणि दर वेळी मी तुला मधेच धरून ‘असू दे, असू दे’ म्हटलं. लोकांना वाटायचं, काय विनम्र गुरू. मला फक्त तू माझ्या पायाला हात लावू नयेस असं वाटायचं. आता तू नाहीस आणि मी कागद पुढे ओढून बसलोय. भित्र्या माणसाला कागद सोयीचा असतो. तो उलट विचारत नाही.

तुला ठाऊक असलेलंही सगळं पुन्हा सांगणार आहे, कारण परवाच्या शोकसभेनंतर माझा कुणावरच विश्वास राहिलेला नाही. शाळेच्या मैदानावरच सभा होती. फलकावर तुझा मोठा फोटो, डावा पाय वर उचललेला, उजवा हात मागे ताणलेला, मुठीत चेंडू. खाली ‘जिल्ह्याचा लाडका पिचर’. एक पुढारी उठून म्हणाले, ‘एकाच ध्येयाला वाहून घेतलेला असा तरुण पुन्हा होणे नाही.’ मी पहिल्या रांगेत बसलो होतो, तुझा प्रशिक्षक म्हणून, गळ्यात उपरणं घालून घेऊन. उठून त्या माणसाच्या हातातला माईक काढून घ्यावा असं वाटलं. एकच ध्येय? कुणाला, तुला? माझा राग त्या पुढाऱ्यावर नव्हता. त्याला बिचाऱ्याला पिचर म्हणजे चेंडू टाकणारा एवढंही कुणीतरी गाडीत बसताना सांगितलं असेल. तुला ‘एकाच’चा केला तो मी. त्यानं नुसतं माझंच वाक्य वाचून दाखवलं.

शाळेत बेसबॉल मी आणला तो काही खेळाच्या प्रेमानं नव्हे, हेही आज कबूल करून टाकतो. क्रिकेटमध्ये आमच्या मुलांचा निभाव लागत नव्हता. बेसबॉल जिल्ह्यात कुणीच खेळत नव्हतं, त्यामुळे संघ उभा केला की थेट पुढच्या स्पर्धेला, आणि दहावीला मुलांना खेळाचे वाढीव गुण. एक बॅट, पाच हातमोजे, टायर कापून केलेली, बॅटवाल्यापुढची होम प्लेट. पिचरनं उभं राहायचा उंचवटा आपणच जांभ्या मातीचा केला, दर पावसाळ्यात तो वाहून जायचा आणि दर दसऱ्याला तू तो पुन्हा थापायचास.

पहिल्या दिवशी तू टाकलेला चेंडू पकडणाऱ्याच्या मोज्यात गेला तेव्हा जो आवाज झाला, तो ऐकून मी हातातली शिटी वाजवायची विसरलो. तुला विचारलं, ‘हे कुठे शिकलास?’ तू म्हणालास, ‘बापूस पाग टाकता तसा.’ पाग, म्हणजे खाडीत उभं राहून फेकायचं ते गोल जाळं. त्याच संध्याकाळी मी देवबागला येऊन भाऊंना, तुझ्या वडिलांना, पाग टाकताना पाहिलं. हात नुसते सोडून दिल्यासारखे, सगळं काम कमरेचं. मी पुस्तकं वाचून जे शिकवणार होतो ते तुझ्या घरात आधीच होतं.

आणि बॅट? बॅट तुला कुणीच शिकवली नाही. चेंडू उशिरापर्यंत बघत राहायचास आणि आता गेला असं वाटतानाच फिरवायचास. मैदानाच्या पलीकडे वयनींची, म्हणजे साऱ्या गावाच्या वहिनींची, काजूची बाग. तू बॅटिंगला आलास की त्या कुंपणाशी येऊन उभ्याच राहायच्या.

‘मास्तरांनू, ह्या देवबागकराक आवरा! माझो सगळो मोहोर झोडल्यान!’

‘वयनी, बॉल परत दिया, मोहोर पुढच्या वर्साक येतलो,’ तू ओरडायचास.

‘येतलो म्हणे! तुझो बापूस येतलो काय लावूक?’

चेंडू मात्र त्याच शोधून परत द्यायच्या.

बेसबॉलमध्ये दोन्ही करणारा दुर्मिळ. पिचरचा हात इतका जपतात की त्याच्या वाट्याची बॅटिंग करायला दुसराच माणूस उतरवायची मुभा नियमातच आहे. आपल्या संघात मी ती कधी वापरली नाही, वापरली असती तर आपण हरलोच असतो. तू आधी समोरच्यांना बाद करायचास, मग येऊन धावा काढायचास. पुढे जिल्ह्यातल्या दोन-तीन शाळांनीही संघ काढले, त्यांच्याशी होणाऱ्या साध्या सामन्यांत मला ते चालत होतं. तुझं नाव जिल्ह्याबाहेर जायची वेळ आली तेव्हा मात्र मी नियमांचा भक्त झालो.

मुंबईच्या एका संघाचे लोक मुलं निवडत होते. मोठ्या संघाच्या खालची फळी, तिथे दोन वर्षं चमकलं की वर जायची वाट. त्यांच्या माणसाचा मला फोन आला. म्हणाला, ‘व्हिडिओ बघितला. आम्हाला पिचर हवाय.’ तू मारतोसही म्हटलं, तर म्हणाला, ‘दोन्ही करणारी पोरं हौशी असतात, कुठेच धड पोचत नाहीत. एक काय ते ठरवून अर्ज पाठवा.’ मी ‘हो सर, बरोबर आहे सर’ म्हणालो. तुझी फटकेबाजी मी रोज बघत होतो, त्यानं ती पाहिलेलीही नव्हती. व्हिडिओ मीच काढला होता आणि त्यात फक्त तुझी पिचिंग होती.

शिक्षकांच्या खोलीत तू माझ्या टेबलाशी उभा होतास. अर्जात एक रकाना होता, ‘स्थान’. मी पेन धरून विचारलं, ‘काय लिहू?’

‘दोनय लिवा, सर.’

‘दोन्ही असं लिहीत नाहीत, दिगंबर. एक काहीतरी ठरवावं लागतं. त्यांना कळलं पाहिजे, तू नक्की कोण आहेस.’

‘माझो बापूस मासे धरता, माडार चढान नारळ काढता आणि दशावतारात संकासुर करता. त्याका कोण इचारता काय, मेल्या तू नक्की कोण म्हणान?’

खोलीतले सगळे हसले. मीसुद्धा हसलो. आणि हसता हसता तुला म्हणालो, ‘बापाचं वेगळं, हा खेळ आहे.’ आज त्या हसण्याची मला शिसारी येते. ह्या किनाऱ्यावर एकच काम करून जगणारा माणूस मला दाखव. मी स्वतः शाळेत शिकवतो, गावात भात लावतो आणि मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरतो. कुणी मला ‘हौशी’ म्हटलं नाही. सतरा वर्षांच्या तुला मात्र मी सांगत होतो की दोन गोष्टी नीट येणं हा दोष आहे.

तू ऐकेनास. तेव्हा भाऊ म्हणाले, देवाला विचारू. पण तुझे काका वारले होते, तुम्हाला सुतक होतं, देवळाची पायरी चढता येत नव्हती. आणि अर्जाची मुदत सुतक फिटेपर्यंत थांबणार नव्हती. भाऊ मला म्हणाले, ‘मास्तर, तुमच्या गावात कौल लावा. तुमच्या तोंडान इचारलात काय आमी इचारल्यासारख्याच.’

केवढा विश्वास. आणि मी काय केलं होतं ठाऊक आहे? मी अर्ज सोमवारीच धाडून दिला होता. ‘स्थान’च्या रकान्यात ‘पिचर’. मंगळवारी मी माझ्या गावी, नांदगावला, कौल लावायला गेलो, तो फक्त वर देवाची सही घ्यायला.

गुरवानं पाषाणाला पाणी लावून दोन्ही अंगांना फुलांच्या कळ्या चिकटवल्या. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्यानं गाऱ्हाणं घातलं, ‘बा देवा म्हाराजा, ह्या मास्तराच्या विद्यार्थ्याक निसतो बॉल टाकूक धाडूचो काय, ता सांग रे म्हाराजा.’ प्रश्न मीच तसा घालून दिला होता. ‘दोन्ही करू दे का’ असं मी विचारलंच नाही. तरी डावीकडची कळी पडली. लगेच पडली.

‘मास्तर, नको म्हणता,’ गुरव म्हणाला.

‘परत लावा.’

‘देव म्हणजे काय फोन, लागाक नाय म्हणान परत लावूचो?’

पण त्यानं लावला. पुन्हा डावा. त्यानं हात पुसले आणि म्हणाला, ‘आता तुमी जाणा.’

मी देवळाबाहेर येऊन तुला फोन केला. तुझ्याकडून लाटांचा आवाज येत होता.

‘काय दिल्यान, सर?’

‘उजवा.’

तू म्हणालास, ‘मगे बॅटीचा काय?’

‘बॅटीचं काही नाही. बॉलच टाक म्हणाला.’

‘बरा, सर.’

दिगू, दगडाला चिकटवलेल्या कळीला बेसबॉल कळतो की नाही, हा वाद मला घालायचा नाही. कौल उजवा पडला असता तरी मी गुन्हेगारच होतो. ज्याचा हात होता, ज्याचा खांदा होता, त्याला विचारून ठरवायची गोष्ट मी त्याच्या पाठीमागे ठरवली आणि त्यानं उलट बोलू नये म्हणून देवाचं नाव पुढे केलं. माझ्याशी तू भांडला असतास. भांडतच होतास. देवाशी भांडणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक होतं.

का केलं, तर तेही सांगतो. जिल्ह्यातून पहिला पिचर पाठवणारा प्रशिक्षक मला व्हायचं होतं. मुंबईच्या माणसानं ‘नको’ म्हणू नये म्हणून मी तुला अर्धा कापून त्याच्या मापाचा केला. पुढे छोटी बातमी आलीही. कात्रण अजून माझ्या कपाटात आहे. परवा फाडायला काढलं, पण त्यात तू हसतोयस.

पहिल्या वर्षी तुझे फोन यायचे. ‘सर, हंय बॅटीक हात लावलो तर वराडतत.’ मी म्हणायचो, ‘शिस्त असते, दिगंबर.’ ‘सर, खांदो दुखता.’ ‘बर्फ लाव. त्यांना विचारून टाक.’ तू टाकत राहिलास. ते टाकायला लावत राहिले. त्यांच्याकडे एक पिचर होता आणि त्याला दुसरं काही येत नाही असं त्यांना मी लिहून दिलेलं होतं.

दुसऱ्या वर्षी तू परत आलास. कणकवली स्टेशनवर तुला घ्यायला मीच आलो होतो. तू पिशवी डाव्या हातात धरून उतरलास. एसटीत खिडकीशी बसलास आणि कुडाळकडचा माणूस पुढच्या बाकावरून वळून ‘तूच ना रे तो?’ म्हणाला, त्याला ‘नाय’ म्हणालास. मग बाहेर बघत बोललास.

‘माका बॅटिंग दिया म्हटलंय मी त्येंका. खांदो गेलो तरी बॅट फिरता, सर. कमरेचो खेळ तो. त्येनी अर्ज दाखवल्यानी. म्हणाले, तुझ्याच सरांनी पिचर लिवल्यानी.’

मी हातातल्या तिकिटाची घडी घालत बसलो.

‘तुमचा अक्षर वळाखलंय मी. ‘प’चा पोट तुमी मोठा काढतास.’

तेव्हा सांगायचं होतं. तो माणूस उतरून गेला होता, एसटी रिकामीच होती. पण मी म्हणालो, ‘खेळात असं होतं, दिगंबर.’ हे वाक्य मी आयुष्यात शेकड्यानं मुलांना ऐकवलंय. दुसऱ्या कुणी त्या क्षणी हे मला ऐकवलं असतं तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती.

दोन्ही करणाऱ्याचं हेच तर मोल असतं. एक गेलं तर दुसरं उरतं. खांदा गेला तर बॅट उरली असती. तुझ्याकडे ते देणं जन्मजात होतं आणि मी एका रकान्यात ते काढून टाकलं. मग तू बोट चालवलीस, लोकांना डॉल्फिन दाखवलेस, सुकाणू डाव्या हातानं धरलंस. भाऊंचा पाग तुला पुन्हा कधी टाकता आला नाही. हे कुणी शोकसभेत बोललं नाही.

तुझ्यावरही मला राग आहे. आज काहीच लपवायचं नाही म्हणून लिहितो. ‘बरा, सर’ काय? वयनींना तोंडावर उत्तर देणारा तू, संकासुराच्या पोरा, माझ्यापुढे ‘बरा, सर’ म्हणून गप्प कसा बसलास? मुंबईला त्यांच्या मैदानावर बॅट उचलून एक चेंडू बाहेर का मारला नाहीस? ते वराडले तर वराडू द्यायचं होतं. आणि हे जाणं कसलं? चार दिवसांचा ताप. लेप्टो, साचलेल्या पाण्यातून जडणारा. मळ्यात पाण्यात उभा राहून शेजाऱ्याचा पंप दुरुस्त करत होतास म्हणे, पायाला जखम असताना. तुला तेही येत होतं. तुला सगळंच येत होतं आणि सगळ्यांसाठी येत होतं. डॉक्टरकडे वेळेवर जाणं तेवढं आलं नाही. मी फोन केला तर म्हणालास, ‘काय नाय, सर, कणकण आसा.’ ही शिस्त, दुखणं गिळायची, तुला कुणी लावली ते मी कुणाला विचारू?

गेल्या थंडीत तू एकदा शाळेत आलास. बोटींना गिऱ्हाईक नव्हतं त्या दिवशी. मुली सराव करत होत्या. त्यांची बॅट तू उचललीस आणि मला म्हणालास, ‘टाका, सर.’ मी जवळ जवळ पन्नाशीचा, पोट सुटलेला, टाकला. तू उशिरापर्यंत बघत राहिलास आणि फिरवलीस. काजूच्या बागेतून वयनींची हाक आली, ‘इलो काय रे तो परत?’ मुली ओरडत होत्या. तू खांदा धरून हसत होतास. पाच-सहा चेंडू मारलेस. दर वेळी मी मनात म्हणत होतो, आता सांगतो.

मग आपण पायरीवर चहा प्यालो. बशीत ओतून, फुंकर घालत तू सहज विचारल्यासारखं विचारलंस.

‘सर, तुमच्या देवाक बेसबॉल कळता काय ओ?’

चेष्टा होती. पण तू माझ्याकडे बघत होतास, चहाकडे नाही. तुला काही कळलं होतं का? गुरवाचा मेहुणा देवबागला असतो, हे मला नंतर कळलं. की खरंच चेष्टा होती? हे आता मला कधीच कळणार नाही, आणि ते मला रोज जाळणार आहे.

मी काय उत्तर दिलं, आठवतंय? ‘देवाची चेष्टा करू नये, दिगंबर.’

तू बशी धुऊन ठेवलीस आणि म्हणालास, ‘बरा, सर.’

तुझे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. तुझ्यामुळे एक खेळ मला खरोखर आवडायला लागला, तो आधी मला फक्त गुणांसाठी हवा होता. आता माझ्या संघात एक मुलगी आहे, टाकते आणि मारते. गेल्या आठवड्यात तिचा अर्ज भरला. रकाना तेवढाच होता, मी बारीक अक्षरात दोन्ही लिहिलं. ह्यानं तुझं काही फिटत नाही. फिटलं असं मी म्हणणारही नाही.

तेराव्यानंतर मी तुझ्या घरी आलो. भाऊ अंगणात जाळं विणत बसले होते. तुझी आई दारात, खांबाला टेकून. मी कायम तुमच्याशी मास्तरांची मराठी बोलत आलो, शाळेतली. त्या दिवशी ती तोंडातून बाहेर पडेना. गावात गाऱ्हाण्याच्या शेवटी जे म्हणतात तेच जिभेवर आलं.

‘भाऊ, माझ्या हातसून काय चुकला माकला आसात तर...’

भाऊंनी विणणं थांबवलं.

‘तर?’ ते म्हणाले. ‘ता ‘तर’ देवाक सांगूचा, मास्तर. त्येका सगळा म्हायत आसता. माका नाय म्हायत. चुकला काय नाय ता तुमका ठावक आसा मा? मगे ‘तर’ कित्याक?’

तुझी आई म्हणाली, ‘अवो, बसाक तरी सांगा त्येंका.’

‘नको गो. ते उभे ऱ्हवानच सांगतले.’

मी उभा राहिलो. दिगू, त्या दोघांकडे बघून जे बोललो ते तुझ्यासाठी होतं. तू असताना बोलायचं होतं. शब्द तेच लिहितो, एकही सुधारत नाही.

‘कौल डावो पडलो होतो, भाऊ. दोनदा. मी उजवो सांगितलंय. अर्ज आदीच धाडलेलो. तुमचो झिल दोनय लिवा म्हणा होतो, मी एकच लिवलंय. त्याचो खांदो गेलो, तरी मी गप ऱ्हवलंय. देवाचा नाव घेवन मी त्याच्याशी खोटा बोललंय. माजा चुकला.’